भीती पोटाची, झळ वावराला

परवा मावशीचा फोन. टोमॅटो आणलेत, आठ दिवस झाले फ्रिजबाहेर, हू नाही की चू नाही, साल तर नखाने निघत नाही, हे नक्की जीएम, म्हणजे जनुकं बदललेले, असणार, खाऊ की फेकू? म्हणलं खा. मग पाठोपाठ तिने फॅमिली ग्रुपवर आलेला तो मेसेज पाठवला, ज्यात बिनबियांची द्राक्षं, पिवळं कलिंगड, तैवान पपई, मका, सगळ्यांना एकाच माळेत ओवून जीएम ठरवलंय आणि खाली कॅन्सर, वंध्यत्व वगैरे नेहमीची यादी.

तर आधी हे सांगून टाकतो. भारतात आज शेतकऱ्याने कायदेशीर पेरावं असं जीएम पीक एकच आहे, कापूस. बाजारातला टोमॅटो जीएम नाही, पपई नाही, नाशिक-सांगलीची द्राक्षं तर अजिबात नाहीत, ती बिनबियांची जात कित्येक पिढ्या जुनी आहे आणि काडी लावून वाढवतात. टोमॅटोची साल जाड असते कारण नारायणगावहून ट्रकमध्ये क्रेटवर क्रेट रचून माल शेकडो किलोमीटर जायचा असतो, पातळ सालीचा टोमॅटो तिथं पोचेपर्यंत चटणी होईल, म्हणून संकर करणाऱ्यांनी मुद्दाम जाड सालीचे वाण निवडत आणले. ते हायब्रिड आहे. हायब्रिड आणि जीएम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते.

मावशीला मी असं सांगितलं की हायब्रिड म्हणजे सोयरीक. दोन घराणी, दोन्ही टोमॅटोचीच, एकाची साल जाड, दुसऱ्याला फळं भरपूर, लग्न लावलं, पोरात दोन्ही गुण उतरले. जीएम म्हणजे दत्तक, आणि तेही जातीबाहेरचं काय, कधीकधी थेट दुसऱ्या जीवसृष्टीतलं. कापूस आणि मातीतला जिवाणू यांची सोयरीक जन्मात जुळणार नाही, म्हणून प्रयोगशाळेत जिवाणूचा एकच जीन, म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची चिठ्ठी, उचलून कापसाच्या पेशीत बसवतात. मग त्या पेशीतून रोप, रोपातून बी, आणि पुढच्या पिढ्यांत ती चिठ्ठी घराण्याचीच होऊन जाते.

कापसातला तो जिवाणू म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, शॉर्टमध्ये बीटी. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाच्या अळ्या पटापट मरत होत्या त्या शोधात तो सापडला आणि मग १९११ मध्ये जर्मनीत थुरिंजिया भागात, त्यावरून नाव पडलं. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो जे अळीच्या पोटात गेलं की आतड्याला भोकं पडतात, अळी खायचं थांबवते आणि मरते. याच जिवाणूचा फवारा सेंद्रिय शेतीतही चालतो. फरक एवढाच की फवारा चार दिवसांत उन्हाने संपतो, आणि बीटी कापसात झाड स्वतःच ते प्रथिन उगवल्यापासून वाळेपर्यंत बनवत राहतं. हा "राहतं" शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ तिथंच झालाय.

आता तुम्ही म्हणाल कापूस कोण खातंय. तर आपण खातो. कापसातून रुई काढली की उरते सरकी, सरकीचं तेल निघतं, ते फरसाणात जातं, वनस्पती तुपात जातं, गुजरातेत तर घरोघरी वापरतात, आणि उरलेली सरकी पेंड म्हशीपुढे जाते. वीसेक वर्षं झाली. त्याशिवाय अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयाबीन तेल आणि कॅनडाचं कॅनोला, तिथली ही पिकं जवळपास सगळी जीएमच. रिफाइंड तेलात प्रथिन आणि डीएनए जवळजवळ शिल्लक राहत नाही ही गोष्ट खरी, पण "आमच्या घरात जीएम येत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्याने कढईत बघून बोलावं. ऑगस्ट २०२१ ला तर केंद्राने कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायची परवानगी दिली, न्हावाशेवा बंदरातून सुद्धा, आणि तेव्हा आपल्याकडच्या सोयाबीनवाल्यांनी बोंब मारली ती तब्येतीसाठी नाही, भाव पडतील म्हणून.

बरं, मग खाल्ल्याने काही होतं का? अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, तिथं ते प्रथिन विरघळून चालू होतं आणि आतड्यावरच्या ठरावीक खाचेत जाऊन बसतं. आपल्या पोटात ॲसिड आणि ती खाचही नाही, त्यामुळे ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. जगात इतकी वर्षं कोट्यवधी लोक जीएम मका-सोयाबीन खातायत आणि मंजूर झालेल्या पिकांमुळे आजार झाले असं ठोस काही पुढे आलेलं नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या एका संशोधनात उंदरांना मोठमोठ्या गाठी झालेले फोटो आले होते, तेच फोटो आजही फॉरवर्ड होतात, पण उंदरांची ती जात म्हातारपणी अशाही गाठी धरते आणि प्रत्येक गटात उंदीर फार थोडे होते, २०१३ ला त्या जर्नलने पेपर मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जर्नलात परत छापला गेला, हेही सांगायला पाहिजे, पण उंदीर तेवढेच राहिले ना.

याचा अर्थ आरोग्याची काळजीच करू नका असा नाही. नव्वदीत अमेरिकेतल्या एका बियाणे कंपनीने सोयाबीनचं पोषण वाढवायला ब्राझील नट या सुक्या मेव्यातला जीन टाकला, आणि तपासणीत दिसलं की त्या नटाची ॲलर्जी सोयाबीनबरोबर आली. १९९६ मध्ये ते छापून आलं, वाण बाजारात आलंच नाही. म्हणजे धोका खोटा नव्हता, तपासणीने तो पकडला. म्हणून "जीएम चांगलं की वाईट" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, कुठला जीन, कुठल्या पिकात, तपासलं कोणी आणि तपासणीचे कागद लोकांना बघायला मिळाले का, हे विचारायला पाहिजे. आपल्याकडे चाचण्या मुख्यतः कंपनी स्वतः करते किंवा करवून घेते, सरकारी समिती त्यावर बसते, आणि बीटी वांग्याचे कागद बाहेर यायला माहिती अधिकारात भांडावं लागलं. लपवलं की लोक दुप्पट घाबरणारच.

पण खरं सांगू, मला जास्त बोलायचंय ते वावराबद्दल. कारण मी ज्या घरातला आहे तिथं बीटीचं जेवण कोणाला बाधलं नाही, बीटीचं पीक बाधलं.

मार्च २००२ मध्ये जीईएसी या केंद्राच्या समितीने बीटी कापसाला परवानगी दिली, जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांनी मिळून आणलेली तीन वाणं. त्याच्या आधीच्याच हंगामात गुजरातेत नवभारत १५१ नावाचं बिनपरवान्याचं बीटी हजारो हेक्टरवर सापडलं होतं, म्हणजे सरकार विचार करत बसलं तोवर बियाणं वावरात पोचलेलं. त्या काळात हिरव्या बोंडअळीने, तिला अमेरिकन बोंडअळी पण म्हणतात, लोकांना रडवलं होतं. काका सांगतात, औषध मारून मारून पंप घासला पण अळी औषधात आंघोळ करून परत बोंडात. अशात बीटी आलं आणि हिरवी अळी खरंच मेली. २०००-०१ च्या सुमाराला देशात हेक्टरी ३०० किलोच्या आसपास रुई यायची, २००७ नंतरच्या चांगल्या वर्षांत ती ५५० च्या वर गेली. सगळं श्रेय बीटीचं नाही, गुजरातेतलं नवं ओलित होतं, खतं वाढली, पाऊस बरे झाले, पण बीटी नसतं तरी झालं असतं असं म्हणणारा माणूस त्या वर्षांत कापूस वेचायला गेलेला नाही. काही वर्षांतच देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला.

आणि मग गुलाबी बोंडअळी आली.

हे जरा नीट समजून घेऊ. झाड सतत विष बनवत असेल तर त्यातून वाचणारी एखादी चिवट अळी लाखात एक असते. ती मोठी होऊन पतंग झाली आणि तिला जोडीदार पण तसाच चिवट मिळाला तर पुढची सगळी पिलावळ चिवट. ते टाळायला एक साधी युक्ती, शेजारी थोडा बिनबीटी कापूस ठेवा, तिथं भरपूर साध्या अळ्या जगू द्या, म्हणजे त्या चिवट पतंगाची सोयरीक साध्याशी होईल आणि पोरं बीटीवर मरतील. म्हणून नियम होता की २० टक्के क्षेत्र किंवा कडेने ५ ओळी, जे जास्त असेल तेवढं, नॉन-बीटी लावायचं. ४५० ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, तिला आमच्याकडे सगळे रेफ्युजी म्हणत.

त्या पुडीचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी अकरावी-बारावीत असेन, टोबणी, म्हणजे हाताने बी लावणं, चालू होती, मजूर बाया तासाने पुढे जात होत्या आणि मी पुडीवरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली. काका म्हणाले, "मी काय अळ्यायले जेवायले वावर पेरू का बापा?" आणि बरोबरच होतं त्यांचं. पाच एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला सांगायचं की एक एकर अळीसाठी सोड, त्याची भरपाई कोणी देणार नाही, आणि कशासाठी ते समजावून सांगायला कृषी केंद्रवाल्याला स्वतःला माहीत नाही. ती पुडी पडून राहिली, नंतर नांगे भरायला वापरली, म्हणजे जिथं बी उगवलं नाही तिथं, वावरभर विखरून. कुणी फेकून दिली. काही पाकिटात तर नॉन-बीटी कापसाऐवजी तुरीचं बी यायचं, आणि नियमात ते बसत होतं कारण हिरवी अळी तुरीवरही जगते. पण गुलाबी अळी मुख्यतः कापसावरच जगते, तिला तुरीचा काय उपयोग? म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे तूर लावली त्यानेही गुलाबी अळीसाठी काहीच केलं नव्हतं.

२०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच मान्य केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत, अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट, गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. तोवर दोन जीनवालं बोलगार्ड-२ बाजारात आलं होतं, २००६ पासून. तेही काही वर्षांत गुलाबी अळीने पचवलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल.

गुलाबी अळी कपटी आहे. हिरवी अळी बाहेरून दिसते, बोंडाला भोक पाडून अर्धी बाहेर लटकते. ही नाही. फुलात शिरते, पाकळ्या आतून रेशमाने बांधते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात गेली की भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, तुम्ही खुशीत. काकांनी तेव्हा एक बोंड माझ्या हातात दिलं, म्हणाले फोड. फोडलं तर दोन पाकळ्यांत पिवळट, भिजल्यासारखी रुई आणि सरकीत बसलेली गुलाबी अळी, नखाएवढी, शांत. असा कापूस म्हणजे कवडी, वेचायला मजुरी तेवढीच आणि व्यापारी हात लावत नाही. शेजाऱ्याने तर उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, ट्रॅक्टर घातला.

आता यात गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, अशी की अमेरिकेत हीच अळी, हेच बीटी, आणि २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळी कापसाच्या पट्ट्यातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्यांनी रेफ्युजी पाळलं, नंतर नसबंदी केलेले पतंग विमानातून सोडले, हंगाम संपला की पऱ्हाट्या गाडल्या. आपण काय केलं? बीटी जवळजवळ फक्त हायब्रिडमध्ये दिलं. हायब्रिड कापूस आपल्याकडे लांब मुदतीचा, पाणी असलं की फरदड म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा, म्हणजे अळीला वर्षभर खानावळ. शिवाय हायब्रिडच्या बोंडातली सरकी सगळी एकसारखी नसते, पुढच्या पिढीचे गुण तिथं वेगळे व्हायला लागलेले असतात, काही सरकीत विष पूर्ण, काहीत अर्धं, काहीत नाहीच, आणि गुलाबी अळी खाते ती नेमकी सरकी. तिला अशी थोडी थोडी सवय लावायची व्यवस्था ठरवून केली असती तरी इतकी चांगली झाली नसती.

जगातले बहुतेक मोठे कापूस देश, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, मुख्यतः सरळ वाण, म्हणजे हायब्रिड नसलेलं, लावतात, बुटकं, दाट, लवकर निघणारं. मग आपल्याकडे हायब्रिडच का? कारण हायब्रिडची सरकी परत पेरली तर पीक एकसारखं येत नाही, दरवर्षी दुकानात जावं लागतं. कुणी म्हणतं टर्मिनेटर बियाणं आहे, उगवतच नाही, तर तसं नाही. टर्मिनेटरचं पेटंट अमेरिकेत १९९८ ला निघालं होतं पण ते बियाणं जगात कुठेच बाजारात आलं नाही. बीटीची सरकी उगवते, काकांनी करून बघितलंय, फक्त एक झाड कमरेएवढं तर एक गुडघ्याएवढं, कुणाला बोंडं वीस तर कुणाला चार. २००१ च्या कायद्याने तर आपल्या शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, बदलायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क आहे, आणि तो हक्क जगात फार कमी ठिकाणी एवढा मोकळा आहे. पण हक्क कागदावर आणि बी हायब्रिड, मग राखणार काय, घंटा?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संस्थेने एक प्रयत्न केला होता, बिकानेरी नरमा नावाचं सरळ बीटी वाण, सरकारी, स्वस्त, घरी राखता येईल असं. २००९ च्या सुमाराला आलं आणि त्यात मोन्सॅन्टोच्याच जीनची भेसळ सापडली म्हणून मागे घेतलं. मला विचाराल तर भारतातल्या जीएमच्या गोष्टीतली सगळ्यात महागडी चूक ती. सुरुवातीला बीटीचं पाकीट १६०० रुपयांच्या वर होतं आणि त्यात हजाराच्या वर नुसती रॉयल्टी, आंध्र सरकारने २००६ मध्ये भांडून ते ७५० वर आणायला लावलं. आता केंद्र दरवर्षी भाव ठरवतं, २०२५ ला बोलगार्ड-२ चं पाकीट ९०१ रुपये.

आत्महत्या बीटीमुळे झाल्या हेही सारखं वाचायला मिळतं. यवतमाळच्या चिलगव्हाणच्या कुटुंबाची ती पहिली मानली जाणारी आत्महत्या १९८६ ची आहे, बीटीच्या १६ वर्षं आधीची. कर्ज, कोरडवाहू, भाव, हे जुनं दुखणं आहे. बीटीने त्यात लागवडीचा खर्च वाढवला हे खरं, पण सगळं त्याच्या गळ्यात बांधलं की बाकीचे सुटतात. तसंच "बीटीमुळे फवारणी संपली" हेही अर्धंच. बोंडअळीची फवारणी घटली, मग तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी वाढली कारण त्यांच्यावर बीटी चालतच नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती आणि औषध मारायचं तर तोंडावरच येत होतं.

वांग्याचं प्रकरण यामुळेच मला वेगळं दिसतं. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दिला, मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, नागपूरलाही झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली जी आजपर्यंत आहे. वांग्याचं माहेर आपलं, जळगावचं भरताचं, कृष्णाकाठचं, गोव्यात आगशीचं, पराग इकडून तिकडे गेला तर ही वाणं भेसळतील ही भीती काही खुळी नाही. पण तोच जीन, तीच महिको, बांगलादेशात २०१३ ला मंजुरी मिळून २०१४ पासून लागवड आणि तिथं ते सरकारी संस्थेने सरळ वाणात दिलं, बी शेतकऱ्याला राखता येतं. म्हणजे जीन तोच ठेवून गोष्ट वेगळी लिहिता येते. जीएम मोहरीचं तर दिल्ली विद्यापीठाचं, म्हणजे सरकारी पैशाचं वाण असूनही २०२४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले आणि ते तिथंच अडकलंय. आणि मे २०२५ मध्ये जाहीर झालेले दोन नवे तांदूळ जीएम नाहीत, जीन-एडिटेड आहेत, बाहेरचा जीन ठेवलेला नाही, भाताच्याच चिठ्ठीत खाडाखोड केलीय. ग्रुपवर ते जीएम म्हणूनच फिरणार, माहितीये मला.

इकडे वावरात पुढचं बियाणं कधीच येऊन बसलंय. एचटीबीटी, आमच्याकडे चोरबीटी. त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तरी कापूस मरत नाही, फक्त तण मरतं. मंजुरी नाही, तेव्हाच्या कायद्याने पाच वर्षं तुरुंग आणि एक लाख दंड होऊ शकत होता, तरी जून २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने सांगून-सवरून, जाहीरपणे ते पेरलं. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ ला "बहुधा कर्करोगकारक" म्हटलंय, अमेरिकेचं पर्यावरण खातं तसं मानत नाही, आणि बिनपरवान्याच्या बियाण्यात रेफ्युजी नाही, तपासणी नाही, पक्कं बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार.

हे सगळं मी गेल्या जूनमध्ये काकांना सांगत होतो, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून. शेजारच्या वावरात चोरबीटी होतं, तास एकदम साफ, आणि आमच्यात तण घोट्याच्या वर. काका ऐकत होते, मध्ये मध्ये मान हलवत होते. मग म्हणाले, "थे समदं खरं. पण निंदाले बाया कुठून आणू थे सांग." गावातल्या बाया सोयाबीनच्या कंपनीत जातात आता, पाऊस उघडला की सगळ्यांनाच एकदम हव्या असतात. मी म्हणलं डवरणी, म्हणजे कोळपणी, एक जास्त करा, ते म्हणाले बैल कुठंय.